मम्मीच्या प्रार्थनेतलं एक नाव

"मंगल, आता त्याचं नाव प्रार्थनेतून काढ बाई," आत्या म्हणाली. ती स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती आणि मम्मी ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. मी बाहेरच्या खोलीतून उष्ट्या कपांचा ट्रे घेऊन येत होते, ती पडद्याशीच थांबले. पप्पांच्या या थोरल्या बहिणीने सगळी नोकरी मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून काढली होती. त्यामुळे शेजारच्या खाटेवर कोणी पेशंट झोपला असावा, असाच तिचा आवाज कायम असायचा. हळू, पण प्रत्येक शब्द ऐकू येणारा. मम्मीने नळ सोडला. पातेलं भरून वाहायला लागलं तरी तिने तो बंद केला नाही. मग मागे न वळता तिने विचारलं, "कोणाचं?"

"मंगल."

"नाही, सांगा ना आक्का. कोणाचं नाव काढू?"

आत्याच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. "सुशीलचं," ती म्हणाली.

माझ्या दादाला मूठमाती देऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. तेवढ्या दिवसांत मम्मी सोडून घरातले सगळे 'तो', 'त्याला', 'त्याच्या वेळी' असंच बोलायला लागले होते. आत्याने नाव घेतलं तेही काढून टाक म्हणून सांगताना. मला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण सांगताना ती निवडलेल्या पानांतच काड्या टाकत होती. कपांचा आवाज होऊ नये म्हणून मी ट्रे पोटाशी धरून उभी राहिले. माझ्या लहानपणातला बराचसा भाग मी असाच कुठल्या ना कुठल्या पडद्यामागे उभं राहून ऐकलेला आहे.

आम्ही तेव्हा नाशिकरोडला एका कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. पप्पा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात शिफ्टमध्ये होते, दादा ओझरला विमानाच्या कारखान्यात नुकताच लागला होता आणि मी कॉलेजात होते. आमच्या घराच्या वेळा इतरांसारख्या नव्हत्या. पप्पांची पाळी बदलली की कुकरच्या शिट्ट्यांची वेळ बदलायची, आंघोळीचा नंबर बदलायचा, दुपारी पडदे ओढून सगळ्यांनी कुजबुजत बोलायचं की सकाळी, हेही बदलायचं. न बदलणारी गोष्ट एकच. दादाची बाईक कॉलनीच्या गेटातून वळली की तो दोनदा हॉर्न द्यायचा. ते ऐकलं की मम्मी तव्यावर पोळी टाकायची, म्हणजे तो हातपाय धुऊन बसेपर्यंत ती गरम गरम ताटात पडायची. खालच्या गांगुर्डेमावशी म्हणायच्या, "तुमचा सुशा आला का नाय ते मला तुमच्या पोळीच्या वासावरनं कळतंय."

रोज दिवे लागले की कौटुंबिक प्रार्थना असायची. पप्पा दुसऱ्या पाळीला असतील तर ती भर दुपारी, त्यांचा डबा भरून झाल्यावर व्हायची, पण चुकायची नाही. एक गीत, थोडं शास्त्रवाचन आणि मग डोळे मिटून क्रमाने प्रार्थना. आधी पप्पा, मग मम्मी, मग दादा, शेवटी मी. पप्पा मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पंच कमिटीत होते, त्यांची प्रार्थना उपदेशासारखी चढत जायची आणि हळूहळू उतरायची. मम्मी फक्त माणसांची नावं घ्यायची. संगमनेरची आजी, दोघी मावश्या, गांगुर्डेमावशींचा गुडघा, मंडळीतल्या कोणाची तरी सोयरीक, आणि मग घरातले आम्ही. "ह्यांना शिफ्टवर सांभाळ. शेरॉनला धीट कर. माझ्या सुशाला रस्त्यावर सांभाळ, घरी सुखरूप आण." सुशा शेवटी, कारण तो हायवेने यायचा. हे शब्द, हा क्रम आणि हा सूर मी इतकी वर्षं ऐकला होता की कधी कधी मी ते ओठांतल्या ओठांत तिच्याबरोबर म्हणायचे.

दादा मात्र देवाशी चहाच्या टपरीवर उभा असल्यासारखा बोलायचा. "प्रभू, फोरमनसाहेबांचा पारा जरा खाली आण. बाईकची क्लच प्लेट पगारापर्यंत टिकव. आणि आमच्या शेरॉनमॅडमना एकदा तरी स्वतःहून चहा करायची बुद्धी दे."

पप्पा डोळे न उघडता म्हणायचे, "सुशील, ही प्रार्थना आहे का?"

"मनातलं सांगायचं असतं ना पप्पा? हे मनातलंच आहे."

माझी पाळी आली की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. माझ्या मनातली प्रार्थना इंग्रजीत चालायची, आणि मंडळीत ज्या मराठीत लोक प्रार्थना करतात ती मराठी मला कळायची, पण तोंडातून निघायची नाही. एकदा मी 'कृपाळू पित्या' असं सुरू करून तिथेच अडकले होते आणि दादा उशीत तोंड खुपसून हसला होता. त्यानंतर त्यानेच यावर तोड काढली. आपली प्रार्थना संपवताना तो म्हणायचा, "आणि शेरॉनच्या मनात काय आहे ते तुला माहीतच आहे. आमेन." मग मला कोपराने ढोसायचा. पप्पांना ते पसंत नव्हतं, पण चालून जायचं. आज मी स्वतः एका शाळेत शिकवते, पालकसभेत अर्धा अर्धा तास बोलते. तरी चार माणसांत डोळे मिटून देवाशी मोठ्याने बोलायचं म्हटलं की माझे तळहात अजून ओले होतात.

त्या दिवशी दादा आडगावच्या अलीकडे बाईकवरून पडला. त्याविषयी मी यापेक्षा जास्त लिहू शकत नाही, आणि लिहावं असंही मला वाटत नाही. नाताळ नुकताच होऊन गेला होता. त्याने गॅलरीत टांगलेली कागदी चांदणी तशीच होती, करंज्यांचा डबा अर्धा भरलेला होता. ओझरच्या त्याच्या मित्रांनी चौकात फ्लेक्स लावला, त्यावर काळा गॉगल घातलेला दादा आणि खाली भावपूर्ण श्रद्धांजली. 'ख्रिस्तवासी' लिहायला हवं होतं, असं पप्पा म्हणाले. मग बराच वेळ फ्लेक्ससमोर उभे राहिले आणि म्हणाले, "राहू दे. पोरांनी प्रेमाने लावलाय."

मंडळीने आम्हाला एकटं सोडलं नाही, हे मी आवर्जून लिहून ठेवते. शवपेटी आणण्यापासून पाहुण्यांच्या गाद्यांपर्यंत सगळं कोणी ना कोणी केलं. बायका मम्मीला दोन्ही बाजूंनी धरून बसल्या आणि हळूहळू सांगत राहिल्या की तो प्रभूजवळ आहे, जास्त चांगल्या ठिकाणी आहे, तिथे दुःख नाही, आपण पुन्हा भेटणार आहोत. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखं आपण रडत नाही, मंगल. मला त्या वाक्यांचा राग नव्हता. मी ती खरी मानत होते, आजही मानते. पण मम्मीचा हुंदका वर यायचा, तेवढ्यात त्यातलं एक वाक्य पुढे यायचं आणि मम्मी हुंदका गिळायची. गिळताना तिच्या गळ्याची शीर कशी हलायची ते मी समोरून बघत होते.

गांगुर्डेमावशी मूळच्या वणीकडच्या, वर्षातून दोनदा गडावर जाऊन येणाऱ्या. पहिल्या दिवसापासून पिठलं-भाकरी त्यांच्याच घरून येत होती. त्या दारात टोपली ठेवायच्या आणि तिथेच मोठ्याने रडायला लागायच्या, "माझ्या सोन्या, आता हॉर्न कोण वाजवील रे!" एकदा आत्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "बाई, मंगलसमोर नको. तिला सावरायचंय."

मावशींनी पदराने नाक पुसलं. "तुमच्यात रडायला बंदी हाय का ओ?"

"बंदी नाही. आम्हाला आशा आहे."

"आशा असू द्या की. डोळ्याला काय समजतंय ते?"

आत्याला हसू आलं आणि तिने ते लपवलंही नाही. पण नंतर मावशी आल्या की ती टोपली घ्यायला स्वतः जिन्यात उतरायची.

मातीहून आल्यावर दोन-तीन संध्याकाळी पाळकसाहेबांनीच प्रार्थना केली. मग पाहुणे पांगले आणि घरातले आम्ही चौघं उरलो: पप्पा, मम्मी, आत्या, मी. पप्पांनी नेहमीच्या जागी सतरंजी घातली. गीत झालं, वचन झालं. पप्पांची प्रार्थना त्या दिवशी फार लवकर संपली. मग मम्मी बोलायला लागली आणि तिचा आवाज इतका नेहमीचा होता की मला बरं वाटलं. संगमनेरची आजी, मावश्या, गांगुर्डेमावशींचा गुडघा. "ह्यांना शिफ्टवर सांभाळ. शेरॉनला धीट कर. माझ्या सुशाला रस्त्यावर सांभाळ, घरी सुखरूप आण."

मी डोळे उघडले. पप्पांचे उघडेच होते. मम्मीला आपण काय बोललो ते कळलं नव्हतं. ती मिटल्या डोळ्यांनी शांत बसली होती, आता पुढची पाळी दादाची म्हणून वाट बघत. खाली गेटातून एक बाईक हॉर्न न देता वळली. तेव्हा तिचा चेहरा बदलला. पप्पांनी घाईने शेवटी सगळ्यांनी मिळून म्हणायची ती प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि आम्ही सगळ्यांनी ती म्हटली, मम्मी सोडून.

म्हणून दुसऱ्या दिवशी आत्या ते मेथी निवडताना बोलली. आमच्या मंडळीत गेलेल्या माणसासाठी काही मागत नाहीत. मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी मागतात, धीरासाठी मागतात, पण जो गेला त्याच्यासाठी नाही. त्याचं जे व्हायचं ते देवाच्या हातात होऊन गेलं, असं आम्ही मानतो. पडद्यामागे उभी राहून मी आत्याचं ऐकत होते. ती मम्मीला रागावत नव्हती. ती सांगत होती, "आमची आजी सांगायची, माणूस गेलं की घरात भीती शिरायची. त्याचं काय राहिलं, काय हवं, कशानं त्याला शांती मिळेल. देणं संपायचंच नाही. ख्रिस्तात आलो आणि ती भीती गेली. आजी म्हणायची, मेलेलं लेकरू पहिल्यांदा निवांत झोपलं असं वाटलं. म्हणून सांगते मंगल. सुशील पोचलाय घरी. त्याला आता आपल्याकडून काही लागत नाही. कशाचीच गरज नाही त्याला."

मम्मीने नळ बंद केला. "त्याला नसेल," ती म्हणाली. "मला आहे."

त्या संध्याकाळपासून मम्मीने प्रार्थना करणं सोडलं. सतरंजीवर यायची, पदर डोक्यावर घ्यायची, डोळे मिटायची. तिची पाळी आली की नुसती शांतता. पप्पा थोडं थांबायचे आणि मग पुढे आत्या सुरू करायची. दादाचं नाव तिने काढलं होतं, पण त्याच्याबरोबर आजीचं, मावश्यांचं, आमचंही गेलं. हळूहळू ती एरवीही बोलेनाशी झाली. भाजीत मीठ कमी पडलं का असं विचारायचं, कोणाचा फोन आला तर 'बरी आहे' म्हणायचं, एवढंच. मी तिच्याजवळ झोपायला लागले, तर ती माझ्या अंगावर पांघरूण घालून कूस वळवायची. माझा भाऊ गेला होता, आणि आता माझ्या डोळ्यांदेखत आईही चालली होती. भांडी घासत, कपडे वाळत घालत, कोणालाही त्रास न देता.

एके सकाळी पप्पा गॅलरीत शर्टाची बटणं लावत उभे होते. मी त्यांचा डबा नेऊन दिला. ते म्हणाले, "शेरू, मी मंडळीत इतक्यांच्या घरी सांत्वनाला गेलो. सगळीकडे काही ना काही बोलता आलं. आता स्वतःच्या बायकोजवळ बसलो की मला एक वाक्य सुचत नाही."

"तिला नाव घेऊ दे ना पप्पा."

"मागू नये ते मागते ती. मी पंच आहे. उद्या मंडळीसमोर मागितलं तर लोक काय..." ते थांबले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "लोकांचं सोड. ‘घरी सुखरूप आण’ हे मलाच परत ऐकवणार नाही गं."

रविवारी उपासनेनंतर आमच्याकडे सांत्वनाची सभा ठरली होती. मंडळीतली वीस-पंचवीस माणसं आमच्या बाहेरच्या खोलीत कशीबशी मावली, काही गॅलरीत उभी राहिली. गांगुर्डेमावशींनी त्यांच्या खुर्च्या वर पाठवल्या आणि पाठोपाठ स्वतः येऊन दाराशी मांडी घालून बसल्या. सगळीकडे निलगिरीच्या तेलाचा आणि इस्त्रीच्या कपड्यांचा वास होता. गीतं झाली. पाळकसाहेब थोडंच बोलले. मित्राच्या कबरेपाशी प्रभू रडला त्याविषयी ते बोलले. हा भाग मला लहानपणापासून पाठ होता, कारण संडे स्कूलमध्ये पाठांतर विचारलं की आळशी मुलं हेच सगळ्यात छोटं वचन म्हणून मोकळी व्हायची आणि दादा त्यांचा पुढारी होता. पण प्रभूला तर माहीत होतं, घटकाभराने तो मित्र जिवंत होऊन कबरेबाहेर येणार आहे. तरी तो रडला. कोणी त्याला म्हणालं नसेल का, की रडू नको, आशा आहे म्हणून? मी मम्मीकडे बघितलं. ती मांडीवर हात ठेवून भिंतीकडे बघत होती.

मग साखळी प्रार्थना सुरू झाली. एकामागून एक माणसं बोलत गेली. कोणी दादाचं नाव घेतलं नाही. 'या कुटुंबावर ओढवलेला प्रसंग' म्हणाले, 'तुझी योजना' म्हणाले. साखळी फिरत मम्मीपर्यंत आली आणि थांबली. कोणी खाकरलं. मम्मीच्या शेजारी मी बसले होते, पुढची पाळी माझी. मधे दादा नव्हता. माझ्या मनात काय आहे ते देवाला माहीत आहे, हे सांगायला आता कोणी नव्हतं. पप्पांनी प्रभूची प्रार्थना सुरू करायला श्वास घेतला, तो मी ऐकला, आणि त्यांच्या आधी माझं तोंड उघडलं.

"प्रभू," मी म्हणाले, "मला मराठीत नीट प्रार्थना येत नाही. दादासाठी मी काही मागत नाही. तो तुझ्याकडे आहे, त्याचं तू बघशील. पण सुशीलदादा आम्हाला दिला होतास त्याबद्दल थँक यू. तो पोळीचा पहिला पापुद्रा काढून मला द्यायचा. बाथरूममध्ये खूप जोरात गायचा. तुझ्याशी पण जोक करायचा. तो गेला ते आम्हाला मुळीच आवडलेलं नाही."

माझा आवाज इतका बारीक होता की गॅलरीतल्यांना काहीच ऐकू गेलं नसणार. आणखी काय बोलायचं ते मला सुचेना. तेवढ्यात शेजारून मम्मी म्हणाली, "सुशा." आधी नुसतं नाव. मग, "माझ्या सुशाबद्दल, प्रभू. माझ्या सुशाबद्दल." तिला 'आभार' हा शब्द सापडत नव्हता, किंवा सापडूनही म्हणवत नव्हता. ती त्याचं नाव घेत राहिली. त्याच्या जन्माच्या वेळचं काहीतरी बोलली, गोवर आला होता त्याविषयी बोलली, पहिल्या पगाराची साडी म्हणाली, आणि मग शब्द संपून ती रडायला लागली. इतकी वर्षं मी तिला ओळखत होते, पण असा आवाज तिच्यात आहे हे मला माहीत नव्हतं. दाराशी गांगुर्डेमावशींनी तोंडात पदर कोंबला. पप्पांनी चष्मा काढून हातात धरला होता.

आमच्यात कोणी फार रडायला लागलं की जवळचं माणूस हळूच एखादं गीत धरतं. बाकीचे त्यात मिसळतात, आणि रडणारा त्या आवाजाखाली झाकला जातो. ती आमची माया दाखवायची रीत आहे. मी तिला नावं ठेवत नाही, पुढे कित्येक घरांत मीही असं गायले आहे. आत्या मम्मीच्या दुसऱ्या बाजूला होती. तिचेही गाल ओले होते. तिने मम्मीच्या पाठीवर हात ठेवला आणि गीताची पहिली ओळ धरली. दोन शब्द तिच्या तोंडून निघालेही होते. मी डोळे उघडले, मम्मीच्या मांडीवरून हात पलीकडे नेऊन आत्याचं मनगट धरलं, आणि या वेळी गॅलरीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "आत्या, गीत नको. मम्मीचं अजून बोलून झालं नाही."